दोन टिंबं

पहिल्यांदा आला तेव्हा अकरावीत असेल,
इंदोऱ्याचा अश्वजित गजभिये.
हातात कोरी पांढरी जर्सी, घडी न मोडलेली.
म्हणे, काका, मागे चार नंबर टाका, वर हे नाव.
चिठ्ठीवर लिहून आणलेलं: ह्युल्सकाम्प.
मी म्हटलं, कोण हा बावा? कामठी कॅम्पातला?
हसला नाही.
जर्मनीचा आहे, म्हणाला. एकोणीस वर्षांचा. स्टॉपर.

माझ्याकडे पोट्टे गोल मारणाऱ्यांची नावं घेऊन येतात.
त्यांची अक्षरं मी आधीच कापून ठेवतो,
दिवाळीआधी हलवाई बुंदी पाडून ठेवतो तशी.
अडवणाऱ्याचं नाव पाठीवर घेणारा
पाचपावलीपासून कामठी रोडपर्यंत हा एकच.

आणि यूवर दोन टिंबं पाहिजे होती.
मशीनमध्ये सव्वीस अक्षरं, टिंब एकही नाही.
आपलं तर एका अनुस्वारात भागतं,
यांना दोन लागतात, तीही शेजारी-शेजारी.
शेवटी फायलीचा पंच घेतला,
विनाइलच्या कतरणीतून दोन गोल पाडले,
चिमट्यानं बसवले, प्रेस दाबला.
पंधरा सेकंद.
तेवढा वेळ तो पेनल्टी असल्यासारखा उभा.

काळी-पिवळी मारबत निघाली त्या दिवशी परत आला.
बाहेर ढोल, म्हणून ओरडून बोलला:
चार काढा, तेहेतीस टाका.
काहून बे?
लोनवर दिलं त्याले, खालच्या डिव्हिजनमध्ये.
माणूस लोनवर देतात?
देतात काका. हप्ते नसतात फक्त.
चार उपटला तरी कापडावर त्याची सावली राहिली.
तेहेतीसच्या फटीतून ती दिसायची,
जुन्या भाडेकरूची पाटी दिसावी तशी.

तिथे अकरा मॅच खेळला. बाराव्यात
त्याच्या नडगीला लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात गेला.
हे सांगताना अश्वजितनं चहा घेतला नाही.
(त्याच महिन्यात त्याचंही तसंच झालं होतं, कॉलेजच्या सेमीफायनलला.
ते मला दुसऱ्याकडून कळलं.)

एकदा विचारलं, याच्यातच काय पाहिलं तू?
मोबाइल काढला, सहा सेकंदांचा तुकडा दाखवला:
गोलकीपर पडलेला, बॉल रेषेकडे चाललेला,
हा लांबड्या पायाचा पोरगा कुठूनसा येतो, बॉल काढतो.
हात वर नाही, ओरडणं नाही.
मोजा वर ओढतो आणि आपल्या जागेवर जातो.
बस?
बस, म्हणाला. तिकडल्या पेपरमध्ये पण नव्हतं आलं.
खरंच आहे. जे होऊ दिलं नाही
त्याचा स्कोअर कोण लिहिणार.

मग हुरड्याच्या दिवसांत गुडघा गेला.
थिलो, त्याचं पहिलं नाव थिलो,
पाण्याच्या टाकीत चालतानाचा व्हिडिओ,
सळई धरून, आमच्या मोठ्या बापूंसारखा.
मे महिन्यात करार संपला.
सेहेचाळीस डिग्रीत, डोक्याला दुपट्टा बांधून, अश्वजित दारात.
नंबर काढा.
कोणता टाकू?
सध्या नाही.
नाव?
नाव राहू द्या.

बिननंबराची जर्सी मी आयुष्यात तेव्हाच पाहिली.
काढायचे वीस रुपये घेतले.
काढायलाही मेहनत लागते.

ती घालून तो तापल्या मैदानावर खेळत राहिला.
एक टिंब जूनमध्ये गळालं, दुसरं कधी ते त्यालाही माहीत नाही.
मी म्हटलं, आता खरंच कामठीचा झाला तुझा माणूस.
या वेळी हसला.

परवा स्कूटर न थांबवता ओरडून गेला:
काका, सही झाली! तिसऱ्या डिव्हिजनमध्ये!
नंबर?
सिग्नल सुटला होता. ऐकू आलं नाही,
किंवा त्यालाच अजून माहीत नसेल.

रात्री शटर ओढण्याआधी
कतरणीतून दोन गोल पाडून ठेवले,
बायकोच्या टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटावर.
कूलरच्या हवेनं उडू नयेत
म्हणून वर कात्री ठेवली आहे.