बाहीचं माप

रणभिसे वडील दर वेळी तेच सांगतात,
दोन इंच अजून.
हात वर गेले की बाही उतरते,
कोपर दिसतं, कोपराच्या वरचंही दिसतं,
मंडळीचं लक्ष ढळतं.
मी म्हणते, वडील, सॅटिन मंगलदासमधून आणलंय,
चोवीस मीटर, मोजून.
मान्ना नव्हे, वरून पडत नाही.
ते हसत नाहीत.

सात मुली, एक मुलगा.
विक्रोळीच्या पालिका शाळेचा हॉल
रविवारी नऊ ते बारा आमचा.
बाकं मागे सरकवलेली. फळ्यावर शनिवारचा धडा तसाच,
सरपंचाची कर्तव्ये, पहिली दोनच.
त्याखाली सुकृपा, जेमिमा, आढावांची धाकटी
अनवाणी उभ्या राहतात
आणि स्पीकर खरखरतो.

मापं माझ्या खोलीत घेते.
टेप गळ्यात, पेन्सिल कानावर.
पाळकांना ठाऊक नसलेलं बरंच
माझ्या वहीत आहे.
सुकृपाचा डावा खांदा अर्ध्या बोटानं खाली,
राजावाडीत रात्रपाळी, माणसं उचलून उचलून.
जेमिमाची कंबर दोन महिन्यांत तीन इंच उतरली.
विचारलं नाही. आत दाब जास्त सोडून ठेवला.
योनाथान दिवसभर लोकांची जेवणं पोचवतो,
म्हणाला, मावशी, पायजमा ढगळ शिवा,
मला शेवटी गुडघ्यांवर यायचंय.
त्याचे वडील मागच्या बाकावर बसतात,
नाच सुरू झाला की गीतांचं पुस्तक उघडतात
आणि पान उलटत नाहीत.

दाविद कोशापुढे नाचला
तेव्हा अंगात नुसता तागाचा एफोद.
तो कोणी शिवला, लिहिलेलं नाही.
घेर कमी पडला असणार,
राजाची घाई असणार, कापड बेतात,
आणि बोल मात्र नाचणाऱ्याला.
मीखल खिडकीतून पाहत होती. तिला ते लागलं.
संदेश देताना सगळे तिच्यावर घसरतात.
माझी जीभ उचलत नाही.
माझंही मशीन खिडकीशी आहे.

पंधराव्या वर्षी शेजारच्या हळदीत नाचले होते.
बाबा सुवार्तिक. ओरडले नाहीत, हात उगारला नाही,
फक्त त्या रात्रीची प्रार्थना
माझ्या नावाशी येऊन फार वेळ थांबली.
भाकरी गार झाली सगळ्यांची.
त्यानंतर मी कडेची.
कडा दुमडते, काजं करते, घेराला फॉल लावते.

पुनरुत्थानाच्या रविवारी
तिसऱ्या कडव्याला जेमिमानं हात वर नेले
आणि काखेत टर्रकन उसवलं.
माझी शिवण.
आढावांची धाकटी दचकली, ठेका चुकली.
जेमिमाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही,
ती गिरकी घेई
आणि लोंबती बाही तिच्या मागून फिरे,
उपासनेला उशिरा आलेल्या माणसासारखी.
काख उघडी, घाम दिसतोय,
पिनेनं ओरखडलेली बारीक लाल रेघ दिसतेय.
मागच्या बाकावर पुस्तक मिटलं.
रणभिसे वडील माझ्याकडे पाहत होते.

मी दाराशी, सुईत दोरा ओवून तयार.
खाली पाहिलं तर माझा उजवा पाय,
चपलेसकट,
टाच, चवडा, टाच, चवडा,
पॅडल मारत होता.
तिथे पॅडल नव्हतं.

थांबवता आला असता.
सुई पदराला टोचून ठेवली.