बारीक आकडा

एकतीस डिसेंबरला, बाहेर फटाके उडत होते तेव्हा
जिद्रा आणि मी फळीफळीवरच्या चिठ्ठ्या बदलत होतो.
तीन महिने दोन्ही भाव शेजारी शेजारी नांदले होते,
मोठा लाट्सचा, बारीक युरोचा.
त्या रात्री मोठ्याला बारीक केलं, बारकाला मोठं. एवढंच.
राईचा पाव, सत्तर सांतीम: एक युरो.
जिद्रा म्हणाली, एका रात्रीत सगळं महाग, आणि बघ,
माझा पगारसुद्धा वाढला!
हसताना तिच्या नखात गोंद वाळला होता.

कुल्दीगात त्या रात्री कुणी गरीब झालं नाही,
श्रीमंतही नाही.
शून्य पूर्णांक सात शून्य दोन आठ शून्य चार:
तालीवाल्डिस हे पाढ्यासारखं म्हणायचे,
चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या आवाजात.
मॉस्कोचे रुबल, मग आमचे रुबल,
मग लाट्स, आणि आता हे.
"चौथ्यांदा पहिलीत बसलोय, बाई."

पाव एक-पाच झाला. मग एक-बारा.
कुणी दवंडी पिटली नाही.
दर वेळी ते चष्मा कपाळावर चढवून
बारीक आकड्याकडे बघायचे, मान हलवायचे,
आणि तरी घ्यायचे.
जुलैत वरून कळवलं: बारीक आकडा आता नको.
मीच खरवडले सगळे.
त्यानंतर फळीपुढे ते जास्त वेळ उभे राहू लागले.

नोव्हेंबरात जुन्या कोटाच्या अस्तरात
त्यांना एक बंदा लाट्स सापडला.
काउंटरवर ठेवला. वर मासा, उलट्या पाण्यात उडी घेतलेला.
"ह्यात पाव यायचा,
वर तीस सांतीम परत. काडेपेटी, एक गाजर."
मी म्हटलं, हा इथं चालत नाही. रिगाची बँक घेईल, कधीही.
"आणि रिगाचं बसभाडं?"
दोघंही हसलो. त्यांचं हसू आधी संपलं.

मग त्यांनी तळहात पुढे केला,
सेंटांचा खुर्दा, लहान मुलासारखा:
तूच वेच.
मी एक-एकोणतीस वेचले, बोट ओलं करून.
मासा कोटात परत गेला.

माझ्या दुसऱ्या हातात पावाची नवी चिठ्ठी होती,
दुपारीच आलेली. एक-पस्तीस.
ते दार लावून जाईपर्यंत
मी तिच्यावर अंगठा धरून उभी होते.