एक लिटर

पेटीला तीन कुलपं, तीन बायकांकडे तीन किल्ल्या.
त्यातली एक माझ्याकडे, म्हणून गिदोंगो
आज सकाळपासून माझ्याशी गोड बोलतोय.

सहा वर्षं त्यानं दुसऱ्याची गाडी हाकली.
रोज संध्याकाळी मालकाच्या तळहातावर शिलिंग मोजले
आणि मगच घरी येऊन हात धुतले.
आता आपली घ्यायची.
लाल की निळी, एवढाच प्रश्न,
आणि एवढ्याशा प्रश्नावर म्बालेच्या घड्याळ-मनोऱ्याखाली
सतरा स्वारांची सतरा मतं.

लाल शंभरची. निळी सव्वाशेची.
निळी म्हणे दोन बायका आणि केळ्यांचा घड घेऊन
वानालेचा चढ एका दमात चढते.
लाल दुसऱ्या वळणावर खोकते,
पण पेट्रोल पिते चिमणीसारखं.
निळीला बटण आहे, लालला लाथ.
"बटण रुसलं तर?" कुतोसी मेस्त्री विचारतो.
"लाथ कधी रुसत नाही."
लालची क्लचवायर बुडाडिरीच्या टपरीवरही
साबणाच्या वड्यांशेजारी टांगलेली असते.
निळीची कंपालाहून येते.
येते म्हणजे, निघते.

शोरूममधला ओमोडिंग कागद पुढे सरकवतो.
फरक फक्त चार लाख शिलिंगांचा.
फक्त.
चार लाख म्हणजे वीस गणवेश,
कॉलर, खिसा, काजं, बटणं,
आणि मुली वाढतील म्हणून
आत दुमडून ठेवलेलं चार बोटं कापड.
मी हे मोठ्यानं म्हणाले नाही.
मागच्या सीटवर जाऊन बसले.

मला कुणी विचारलं नव्हतं,
पण गाडी मागे बसूनच कळते.
निळीची सीट ऐटीत वर चढलेली,
ब्रेक लागला की मी थेट त्याच्या पाठीवर.
लग्नाआधी चाललं असतं.
आता मांडीवर शिलाईचं गाठोडं असतं.
लालची सपाट, लांब, बाकासारखी,
आजारी माणूस मधे धरून नेता येईल अशी.
असलं शोरूममध्ये कुणी बोलत नाही.

शेवटी कुतोसी म्हणाला, भांडू नका, मोजा.
दोन गाड्या उसन्या आणल्या, टाक्या कोरड्या केल्या,
मापानं एकेक लिटर ओतलं
आणि सोडल्या कुमीच्या रस्त्याला.
निळीवर तो, लालवर गिदोंगो, त्याच्या मागे मी.
कुणीतरी ओरडलं, हा अन्याय आहे,
म्हणून निळीवर सिमेंटचं पोतं बांधलं.
पोतं पन्नास किलो, मी साठ.
त्या दहा किलोंचा वाद अजून मिटलेला नाही.

बुकेडिया मागे पडलं आणि आरशातून निळी गेली.
आम्ही चाललोच होतो,
पाणथळीतले बगळे, शेंगदाणे वाळत घातलेली अंगणं,
मी बोटांवर किलोमीटर मोजत होते
आणि बोटं संपली तेव्हा
लालनं दोन उचक्या दिल्या नि गप्प झाली.

जिंकलो, तो म्हणाला.
मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
परतीचं पेट्रोल कुणीच घेतलं नव्हतं.

त्यानं ढकलली. तो थकला तेव्हा मी ढकलली,
चपला हँडलला अडकवून, अनवाणी.
वजन ओमोडिंगच्या कागदावर छापलेलं होतं,
पण असं नव्हतं छापलेलं,
खांद्यातून कमरेत उतरणारं.
तरी जात होती. वासरू ओढावं तशी,
जरा हट्ट, जरा माया.

सूर्य कलला तेव्हा रस्त्याकडेला कुतोसी दिसला,
सिमेंटच्या पोत्यावर बसलेला, निळीकडे पाठ करून.
"दोनदा ढकलली," म्हणाला, "मग बसलो."

सोमवारी मी माझं कुलूप उघडलं.

अजूनही चढावर एखादी निळी सुसाट पुढे गेली
की गिदोंगोची मान तिच्यामागे वळते.
मागे बसून मला सगळं दिसतं.
मी गाठोडं घट्ट धरते
आणि काही बोलत नाही.