दिल्ली दरवाजा, उतरा

रिक्षावाला म्हणाला, दिल्ली दरवाजा, उतरा.
आम्ही उतरलो.
औषधांचं दुकान, वायरींचा गुंता,
पेरूच्या गाडीवर कागद उडू नये म्हणून ठेवलेला दगड.
"दरवाजा?" तात्यांनी विचारलं.
"हाच की," तो म्हणाला, आणि सुटे पैसे मोजून दिले.

तात्या रेवदंड्याचे. म्हणजे तटाच्या आतले.
आमच्याकडे तट आहे, बुरूज आहेत,
फिरंग्यांनी रचलेल्या दगडांवर
माडांच्या सावल्या दुपारभर सरकत असतात.
आत होतं ते शहर मात्र
सुपारीच्या बागांनी कधीच गिळलं.
कुणी वाडीत खणायला घेतलं की लागतात
जिन्याच्या दोन पायऱ्या,
कुठेच न नेणाऱ्या.

खाडीवर पूल होईस्तोवर तात्यांनी होडीची तिकिटं फाडली,
नंतर ग्रामपंचायतीची घरपट्टी वसूल केली,
आणि निवृत्त झाल्यावर हा नाद:
सुट्टीला जायचं ते तटबंदीच्याच गावी.
भिंतीला तळहात लावायचा,
चुन्याचा कण जिभेवर ठेवून बघायचा
(आई त्याला वेड म्हणायची, पुढे सवय, पुढे काहीच म्हणेनाशी झाली)
आणि वहीत लिहायचं: पाहिला. आपल्यापेक्षा बुटका.
या दिवाळीत मीच म्हटलं, नाशिक.
समुद्र नाही, पण दरवाजे आहेत. निदान नावं तरी.

तांबट आळीत घंगाळाला ठोके देत बसलेल्या
यशवंत तांबटांनी हात न थांबवता सांगितलं,
"दरवाजे होते. माझ्या आज्याला सगळे पाठ.
तट होता की नव्हता, त्यावर आमच्यात एकमत नाही."
ठोका.
"तट नसेल तर दरवाजे कशाला?"
ठोका. ठोका.
"रात्री लावायला."

तात्या हसले नाहीत.
वही उघडली, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

घाटाकडे उतरताना बोळ चिंचोळा झाला
आणि मी पाहिलं, तात्या वाकले.
वर कमान नव्हती.
वर आकाशाची एक पट्टी,
आणि कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल.
सत्तर वर्षं घरच्या दिंडीतून ये-जा केलेली मान,
कुणी न सांगता खाली गेली.
मागून मीही वाकले. का ते विचारू नका.

घाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून
पाण्यातली नाणी उपसत होती.
दुतोंड्या मारुती कोरडा,
दोन्हीकडे बघत, कुणाचीच वाट न बघत.
"ह्याच्या छातीला पाणी लागलं की
सराफ बाजार दुकानं रिकामी करतो,"
दिव्यांचे द्रोण विकणारी बाई म्हणाली.
तात्यांनी मान डोलावली. ही भाषा त्यांना येत होती.
आमच्या तटालाही पाण्याने काढलेल्या रेघा आहेत,
त्यांतली एक त्यांच्या जन्मसालाची.
मग त्यांनी आयुष्यभर विचारलेलं विचारलं,
"आज भरती किती वाजता?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"गंगेला भरती नसते बाबा.
धरणातून सोडतात, तेव्हा येते."
"आणि जाते कुठे?"
"समुद्राला की."
"कुठल्या?"
तिने हात केला पुलाच्या दिशेला,
बस, धूर, होर्डिंगवरचे उमेदवार, त्यांच्याही पलीकडे.
आमचा समुद्र पाठीमागे होता.
घाट उतरला की दुसऱ्या दिवशी पोचतो एवढ्यावर,
आणि ही नदी त्याला पाठ दाखवून
सगळा देश ओलांडायला निघालेली.
तात्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले,
चुकीच्या होडीत बसलेल्या उतारूकडे बघावं तसे.

एका पोराच्या चुंबकाला नाणं नाही, बिजागरी लागली.
गंजलेली, अर्धी.
त्याने ती परत फेकायच्या आत
तात्यांनी दहा रुपये पुढे केले.

रात्री लॉजवर वही उघडी पडली होती.
नाशिक. तट नाही.
आणि त्याच्या खाली, थोडी जागा सोडून,
वाकावं लागतं.