तिऱ्हाईत

रिसालदार गल्लीत, कचेरीच्या कंपाउंडला पाठ लावून
माझं टेबल. टाइपरायटर कन्नड, जीभ मराठी.
कल्लव्वा आली ती बँकेची नोटीस दोन्ही हातांवर पसरून,
घडी न घालता,
कुणाचं लग्नातलं उपरणं असावं तशी.
भिंतीवरनं सोलून आणलीस होय गं?
खळ ओली होती, म्हणाली. निघाली आपण होऊन.

मी वाचून दाखवली.
कोरे गल्ली, शहापूर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गटार,
दक्षिणेस कित्तूरांची भिंत, उत्तरेस देवळाचं जोतं,
चतुःसीमेच्या आतलं सगळं गहाण.
ठेवणारा वसंत मुचंडीकर, ठेवून घेणारी बँक.
आणखी तिसऱ्या कुणाचा हक्क, वहिवाट, बोजा असेल
तर चौदा दिवसांत पुराव्यासह यावं.
न आल्यास तसा हक्क नाही, आणि असल्यास
तो सोडून दिला, असं समजण्यात येईल.

‘सोडला कुणी?’

जिन्याखालची जागा. साडेचार फूट बाय सहा.
वसंताच्या बापानं दिलेली, तोंडी,
बदल्यात रोज एक पांढरी टोपी, कडक.
तो गेला त्या सकाळचीही टोपी झाली होती.
न्यायला कुणी आलं नाही. अजून आहे तिच्याकडं.
चालेल काय?

टोपीवर सही नसते, कल्लव्वा.
भाडेपावती?
इल्ल.
लाइट बिल?
इस्त्री कोळशाची.
मग जरा वेळानं: ‘तिसऱ्या पायरीला खालनं हात लावून बघा म्हणावं साहेबाला.
एकोणतीस वर्षांचा धूर आहे. बरीरी, लिवा तेवढं.’

लिहिलं. धूर असा शब्द
हरकतीच्या अर्जात पहिल्यांदाच टाइप केला.
गहाण दोन वर्षांपूर्वीचं, धूर त्याच्या कितीतरी आधीचा.
आधीची वहिवाट असेल तर टिकते, असं वकील म्हणतात.
असेल तर म्हणताना ते चष्मा पुसतात.
तारीख तिच्या बाजूची होती,
कागद सगळे बँकेच्या.

‘मूरनेय पक्षगार’ वर माझं बोट थांबलं, तर तिनं विचारलं,
ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
तिऱ्हाईत.
तिनं तो शब्द तोंडात फिरवला. खडा लागावा तसा.
‘बँकेत सही करायला गेला ना वसंत,
क्रीम कलरचा सदरा, बाहीला दुहेरी घडी नको म्हणालेला,
मीच दिला तो. गरम गरम घालून गेला.’
मी काही बोललो नाही.
या गावात कोण पहिला, कोण दुसरा, याचेच दावे
इतकी वर्षं चाललेत,
की तिसऱ्याची पाटी लिहायची राहूनच गेली.
माझ्या टेबलालाही कागद नाही. कंपाउंडला माहीत आहे फक्त.

रिबिन जुनी, रोलर खराब. अर्ज निघाला तो चुण्या पडून.
दे इकडं, म्हणाली, आणि घेऊन गेली.
दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीत तोच कागद,
इतका सपाट, की कारकुनानं पालथा करून बघितला.
शिक्का पूर्ण गोल उमटला, एकही अक्षर न तुटता.

पोच म्हणून दिलेलं चिटोरं मात्र चोळामोळा होतं.
तिनं ते काउंटरच्या ग्रॅनाइटवर ठेवलं,
पदराच्या टोकानं दोन थेंब पाणी शिंपडल्यासारखं केलं
आणि तळहात ठेवून, खांद्यातनं भार देत,
डावीकडून उजवीकडं नेला.
मागं रांग थांबली होती.
उलटं करून दुसरी बाजूही घेतली.