चौथ्या मिनिटाला

बांदोड्याला गोदूबायच्या पडवीत
आम्ही दोघी अकरा वर्षं बसलो.
शांभवी पुढे, मी मागे.
पुढे बसणारीला ख्याल मिळतो,
मागे बसणारीला तंबोरा
आणि पुढचीची पाठ.
ती मला अजून तोंडपाठ आहे:
तान घेण्याआधी डावा खांदा जवभर वर जायचा,
बाय खाकरायची,
खांदा खाली.

सातच्या सुमाराला रस्त्यावरून पोदेर जायचा,
पूं पूं, सायकलवर उंड्यांची टोपली.
थांबू नका गो, बाय म्हणायची,
त्याचाही सूर आहे. आपला नव्हे, एवढंच.

मग एका डिसेंबरात ती गेली.
भांडण वगैरे काही नाही.
कळंगुटच्या हॉटेलातली गाणारी तापाने पडली,
आग्नेलने विचारलं, तीन गाणी जमतील?
दोन तिने फेरीबोटीत पाठ केली,
तिसऱ्याचे शब्द विसरली तिथे सरगम घातली.
लोक खुर्च्यांवरून उठले म्हणे.

बायला सांगायला आली तेव्हा
बाय नारळ खवत होती.
जेवण देतात?
देतात.
नुस्तें ताजें?
होय, बाय.
मग पुन्हा नारळ.

पर्वरीच्या उतारावर तिचं पोस्टर लागलं,
केस निळे, नाव अर्धं: शांबी.
स्कूटरवरचं ते गाणं गोव्यातल्या प्रत्येक बसमध्ये.
मी फोंड्याच्या हायस्कुलात भूप शिकवायची,
पाचवीची पोरं बाकावर ठेका धरून
तेच म्हणायची, आणि सुरात, दुर्दैवाने.
एकदा बायला डॉक्टरकडे नेत होते,
बसमध्ये तेच लागलं.
धैवत चोरलाय, बाय म्हणाली.
कुठून, ते सांगितलं नाही.
हसत होती की उन्हाने डोळे बारीक केले होते,
मला मागच्या सीटवरून दिसलं नाही.

एप्रिलमध्ये बाय गेली.
शांबी दुबईत होती.
फुलं आली. प्लास्टिकमधले गुलाब,
आणि म्हार्दोळ इथून तीन किलोमीटर,
जायांनी भरलेलं.
मी ते गुलाब विहिरीजवळ ठेवले. पाणी घातलं नाही.

मोरजीच्या कार्यक्रमाचा पास कुणी पाठवला, माहीत नाही.
आग्नेल आता पिकलाय.
त्याने मला स्टेजच्या मागे,
बटणांच्या फळीपाशी उभं केलं.
तिच्या कानात काय चालतं ऐकायचंय?
म्हणून एक बोंडी दिली.

ड्रम नाही. बास नाही.
तंबोरा.
जोडातली एक तार किंचित उतरलेली,
आणि पंचमावर जरा रेंगाळणारं बोट.
त्या रेंगाळण्यावरून मी बायची किती बोलणी खाल्लीत.

फोनवर कधी घेतलंन हे? विचारलं नाही, काही नाही.
मला आधी राग आला, खरं सांगते.
नऊ वर्षं माझा हात फुकट राबला,
दुबईत, दिल्लीच्या लग्नांत, छत्रीच्या जाहिरातीत.
कीबोर्डवाला स्टॅनी रोज कुरकुरतो, आग्नेल सांगत होता,
सगळी वाद्यं केसभर खाली आणावी लागतात,
ही ऐकत नाही.
मला माहीत होतं का.
त्या दिवशी तंबोरा मीच लावला होता.

चौथ्या मिनिटाला
पूं पूं.
लांबून, मग पडवीसमोर, मग वळणापलीकडे.
स्टेजवर निळा उजेड,
तिची पाठ माझ्याकडे,
डावा खांदा जवभर वर.
कानात कुणीतरी खाकरलं.

पाच हजार माणसं उड्या मारत होती.
आग्नेलने बोंडी मागायला हात पुढे केला.
मी दिली नाही,
अजून चार मिनिटं.