भिंती तो कापत नाही

गावात शिरताना पाटी आहे : लोकसंख्या एकशे बारा.
ती खोटी आहे, हे आम्हा एकसष्टांना माहीत आहे.
बदलायला काउंटीकडे पैसे नाहीत,
आणि आम्हालाही घाई नाही.

पोस्ट मी उघडते. नऊ ते अकरा.
भिंतीत पेट्या दोनशे, किल्ल्या फिरतात चाळीस.
बाकीच्यांच्या काचेवरून महिन्यातून एकदा
ओलं फडकं मारते. कशाला, ते विचारू नका.

नदी इथून दिसत नाही, बांध आडवा येतो.
मक्याचे बार्ज ढकलत बोट निघाली
की तिची वरची केबिन तेवढी
बांधाच्या गवतावरून सरकत जाते,
कुणीतरी घर उचलून चालवलंय
अशी.

जुलैत एका रात्री नदीतून माश्या उठतात,
एका दिवसाचं आयुष्य असलेल्या.
पुलावर इतका खच पडतो
की ड्वेनला भर उन्हाळ्यात
बर्फाचा नांगर बाहेर काढावा लागतो.
बाहेरची माणसं फोटो काढतात. आम्ही खिडक्या लावून घेतो.

लीजन हॉलमध्ये शुक्रवारी तळलेला कॅटफिश.
काउंटरमागे भिंतीवर निळी रेघ,
पाणी इथपर्यंत होतं.
रेघेखाली बसून आम्ही जेवतो,
कोबीची कोशिंबीर पुढे सरकवतो,
लेकरांची उंची त्याच रेघेशी मोजतो.
ग्रेटाचा नातू यंदा
नाकाएवढा वर आला.

त्या पुरानंतर सरकारने घरं विकत घेतली.
सत्तावीस.
अट एकच : त्या जागेवर पुन्हा
कधीही काही बांधायचं नाही.
गवत चालेल.
पिवळं यंत्र नऊ दिवस जेवत होतं.

पण रुबार्बला कागद वाचता येत नाही.
एप्रिलमध्ये नसलेल्या स्वयंपाकघरांमागे
लाल देठ वर येतात.
हवे त्याने न्यावेत, पण विचारून.
म्हणून आम्ही मोकळ्या हवेत मोठ्याने विचारतो,
"मर्टल, चार देठ नेते गं, पायला."
आणि जरा थांबतो.
लगेच तोडणं बरं दिसत नाही.

या सगळ्या जागांचं गवत ऑरिन टेस्के कापतो.
वय एकोणऐंशी, यंत्र त्याहून थोडं लहान वाटतं.
पगार नाही; पेट्रोलचे पैसे
काउंटी देते, आठवण केली तर.
मे महिन्यात तिथला एक नवा पोरगा आला,
म्हणाला, आजोबा, सरळ पट्टे मारा ना,
असे वळसे कशाला? पेट्रोल वाचेल.
ऑरिनने यंत्र बंद केलं.
"मधून कसा जाऊ?" म्हणाला,
"बैठकीची खोली आहे ती."

पोराने आमच्याकडे पाहिलं.
आम्ही बांधाकडे.

बांधावर चढलात तर दिसेल तुम्हालाही.
भिंती तो कापत नाही. वीतभर गवत उभं ठेवतो.
मर्टल हॉगनच्या घरात तो मागच्या दाराने शिरतो,
तेच दार ती आम्हाला उघडायची.
उंबरठ्याशी पातं वर उचलतो, ओलांडतो,
पुन्हा खाली.
आधी स्वयंपाकघर. मग जिन्याखालची अडगळ.
मग ती खोली, जिथे तिचा लेस्टर
दोन वर्षं पडून होता.
तिथे यंत्र अगदी हळू चालवतो,
आवाज नको म्हणून.
आणि जसा आला तसाच
मागच्या दाराने बाहेर.

मी हसायचे त्याला. बरेच जण हसतात,
त्याच्यासमोरसुद्धा.

परवा रुबार्ब आणायला गेले.
रात्री पाऊस झालेला, बुटांना चिखल.
"मर्टल," अशी हाक मारली
आणि खाली पाहिलं तर
उंच गवताच्या फटीपाशी उभी मी
पाय पुसत होते.

आत कुणी नव्हतं.
तरी दुसराही पुसला.